सासऱ्यांसाठी काम शोधताना

सातारच्या एसटी स्टँडवर मी एका अनोळखी माणसाच्या पाया पडलो, त्यांच्या हातातली पिशवी घेतली, त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला आणि ‘प्रवास कसा झाला, अण्णा?’ असं विचारलं. ‘बरा झाला,’ असं ते म्हणाले. मी किल्ली फिरवणार एवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर माझे सासरे उभे होते.

आता माझी बाजू ऐकून घ्या. वडूजच्या गाडीतून उतरणारे निम्मे लोक पांढरी टोपी, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा आणि पांढरी मिशी अशा वेशात होते. त्यात माझा चष्मा घरी राहिलेला. आणि सासऱ्यांकडे मी लग्न झाल्यापासून मान वर करून असं कधी पाहिलेलंच नाही. माझे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यासमोर मी आजवर ‘हो अण्णा’ एवढंच बोललो आहे.

“मला हाक तरी मारायची, अण्णा,” मी म्हणालो.

“बघत हुतो,” अण्णा म्हणाले, “पावनं कुटवर जात्यात ते.”

गाडीतले गृहस्थ पट्टा सोडवण्याची खटपट करत होते. त्यांचं नाव नाना. बहिणीला भेटून वडूजहून परत येत होते. सातारच्या एका ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात असतात, आणि मंडळानंच कुणाला तरी न्यायला पाठवलं अशी त्यांची समजूत झाली होती. “पाया पडलात तेव्हाच शंका यायला हवी होती,” ते म्हणाले, “मंडळातलं कुणी एवढं वाकत नाही. गुडघे!”

पण ज्येष्ठांचं मंडळ म्हटल्यावर माझे कान टवकारले. कारण मी साताऱ्याला आलो होतो तेच मुळी असल्या मंडळाच्या शोधात, आणि ‘काम दाखवतो’ म्हणून अण्णांनाही बोलावून घेतलं होतं.

झालं होतं असं. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. त्यानंतर अण्णा वडूजच्या घरात एकटे. मेहुणा फौजेत, लांब कुठेतरी बर्फात. त्याचं साताऱ्यातलं घर रिकामं. थोरली मेहुणी, मीनाताई, सांगलीला. आम्ही पुण्याला. तिन्ही घरांतून अण्णांना बोलावणं होतं, आणि तिन्ही घरांना उत्तर एकच: “काम आसंल तितं येतो. बसून खायला येनार न्हाई.” मागच्या महिन्यात शेजाऱ्यांचा फोन आला, की घराचं दार दोन दिवस उघडलेलं नाही. आम्ही धावत गेलो. कडी काढून अण्णा उंबऱ्यात उभे राहिले, ठणठणीत. “भाईर याचं काय काम न्हवतं,” म्हणाले. आत चूल गार होती.

त्या दिवसापासून माझी बायको वैशाली नीट झोपलेली नाही. ती बँकेत आहे, मार्च तोंडावर आलेला, रजा नाही. तिने मला समोर बसवून सांगितलं, “सातारा बघा, सांगली बघा. आजकाल म्हाताऱ्या माणसांसाठी पुष्कळ काय काय निघालंय. कुठेतरी त्यांना काम मिळवून द्या. नाही मिळालं, तर ते पुन्हा कडी लावतील, आणि पुढच्या वेळी कोण उघडणार?”

एवढं नाजूक काम तिने माझ्यावर का सोपवलं, हे मला अजून कळलेलं नाही.

सातारा

नानांनी दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्हाला मैदानावर बोलावलं. अजिंक्यताऱ्यावर ऊन यायचं होतं. धुक्यात पन्नासेक ज्येष्ठ मंडळी गोल करून उभी होती. मधल्या बाईंनी हात वर केले आणि सगळे एकदम हसायला लागले. हा हा हा! हो हो हो!

अण्णा सावधान उभे. “काय झालंय?”

“काही झालं नाही, सुभेदार,” नाना हसता हसता म्हणाले, “तब्येतीला बरं असतं.”

“आवं पन कुनी पडलं, कुनाचा पाय घसारला, तर हसू. उगंच?”

मी मात्र जोरात हसत होतो, कारण मला गोलात ढकललं होतं. शेजारच्या आजी माझ्या टकलाकडे बघून म्हणाल्या, “नवीन का? कधी रिटायर झालात?”

“अजून व्हायचोय.”

“व्हाल हो,” त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मागून अण्णांचा एकच ‘हा’ ऐकू आला. तो त्या सकाळचा त्यांचा पहिला आणि शेवटचा.

नंतर सगळ्यांनी मिळून मिसळ खाल्ली. आमच्या पुण्यात माणूस आधी कोण, कुठला हे विचारून घेतात आणि मग चहाचं बघू म्हणतात. इथे माझ्या पानात तिसऱ्यांदा तर्री पडल्यावर कुणीतरी विचारलं, “बरं, तुम्ही कोण?” मंडळात काय नव्हतं! जुन्या गाण्यांचा कार्यक्रम, कॅरम, गडावर चढणं, महिन्यातून एकदा सगळ्यांचे वाढदिवस. मी हरखून अण्णांकडे बघत होतो. अण्णा पाव कुस्करत होते.

“ह्यात काम कुटलं?”

“काम?” नाना विचारात पडले. “काम आहे की! दवाखान्यात चला.”

त्यांच्या मंडळातले काही जण आठवड्यातून दोनदा एका मोठ्या दवाखान्यात जातात. खेड्यांतून आलेल्या लोकांना केसपेपर कुठे मिळतो, रक्त कुठे तपासतात, ते दाखवतात. कुणाबरोबर कुणी नसेल तर शेजारी बसतात. अण्णांचे डोळे पहिल्यांदाच चमकले. मी मनातल्या मनात वैशालीला फोन करून टाकला.

आम्ही पोचलो तेव्हा खिडकीशी नेहमीची झुंबड होती. अण्णांनी एक नजर फिरवली, टोपी सारखी केली, आणि गरजले, “लाइन में!”

गर्दी दचकली आणि खरोखरच रांगेत उभी राहिली. म्हातारी माणसं पुढे, लेकुरवाळ्या बाया त्यांच्या मागे, बाकीचे त्यांच्या मागे. आधी मला फार अभिमान वाटला. मग अण्णांनी शिपायाला रांगेत घातलं. मग जावळ असलेलं बाळ घेऊन आलेल्या एका जोडप्याला, “बाप कोन? बापानं धरायचं पोरगं,” असं सुनावलं. मग साध्या शर्टातला एक तरुण घाईघाईने खिडकीकडे निघाला, त्याचा दंड धरून त्याला सगळ्यात मागे नेऊन उभं केलं. तो काहीतरी सांगू बघत होता. “समद्यानला घाई हाय,” अण्णा म्हणाले.

तो डॉक्टर होता. लोक त्याचीच वाट बघत होते.

परतल्यावर गाडीतून उतरताना नाना अगदी मऊ आवाजात म्हणाले, “सुभेदारसाहेब, उद्या जरा विश्रांती घ्या.”

अण्णांना कळलं. फौजेतल्या माणसाला कसं कळणार नाही? मेहुण्याच्या रिकाम्या घरात गेल्यावर त्यांनी पिशवी भरायला घेतली. “सकाळची यष्टी कवा हाय वडूजला?”

“चांगलंच काम झालं की, अण्णा,” मी म्हणालो. “रांग किती सरळ झाली!”

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वडूजला मीच एकटा निघून जावं असं मला वाटलं. नक्की काय चुकलं होतं ते मला कळेना. मी तर कौतुक केलं होतं. शेवटी मीनाताईच्या नावाने हातापाया पडलो. थोरली लेक इतक्या दिवसांत डोळ्यांनी दिसलेली नाही, तिला भेटून तर जा. अण्णा बराच वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत होते. मग म्हणाले, “एक दीस.”

कराडच्या पुढे

फेब्रुवारीत सांगलीच्या वाटेला लागायचं म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांमागून जायचं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, त्यावर बसून ऊस सोलणारा एखादा गडी. पुढे जायची सोय नाही. पेठ नाक्याला वळलो आणि एका गुऱ्हाळापाशी थांबलो. काहिलीतला रस उकळत होता, गोड वासाने डोकं जड झालं होतं. गुळव्याने उसाच्या कांड्यावर गरम गूळ दिला. तो गार होईपर्यंत थांबायचं असतं, हे मला जीभ भाजल्यावर कळलं. पुढचे दोन दिवस मी बोबडं बोलत होतो. हे पुढे महत्त्वाचं नाही, पण मला फार दुखत होतं म्हणून सांगितलं.

अण्णा काहिलीजवळ उभे होते. “मानसं कमी हाईत जनू?”

“व्हय की, आजा. गडी मिळंना झाल्यात.”

“मी ढवळू का?”

“आवं तुमी कशाला! तुमी बसा. रस पेवा.”

या साऱ्या प्रवासात अण्णांना सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागलेला शब्द म्हणजे ‘बसा’. इतक्या मायेने म्हणत होते लोक, की रागावताही येईना. अण्णांनी रसाचा पेला घेतला, न पिता माझ्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसले.

सांगली

मीनाताईने कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी केली होती. ही वांगी पुण्याला नेली की त्यांचं काहीतरी बिनसतं. तीच बाई, तोच मसाला, पण चव येत नाही. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. अण्णांनी अर्धी.

“अण्णा, संध्याकाळी आमच्या शेजारच्या सुमनबाईंकडे जाऊ,” ताई म्हणाली. “त्यांचा गट आहे. दृष्टी नसलेल्यांना वाचून दाखवतात, नाटकं बसवतात, आजाऱ्याजवळ बसतात. फार कामं असतात त्यांच्याकडे.”

“हासत न्हाईत न्हवं?”

“म्हणजे?”

“काही नाही,” मी म्हणालो.

गट घाटाजवळच्या एका जुन्या शाळेच्या खोलीत भरत होता. पंधरा-वीस माणसं. एका कोपऱ्यात दोघे आजोबा नाटकातला प्रवेश घोकत होते. त्यातले एक स्त्रीपार्टी असावेत, कारण पदर म्हणून पंचा घेतला होता. सुमनबाई निवृत्त मुख्याध्यापिका. ताईने ओळख करून दिली, आणि मी वाटेत पाठ केलेलं सुरू केलं. अण्णा कवायत शिकवू शकतात, योगासनं शिकवू शकतात, पहाटे उठतात, शिस्त लावू शकतात—

“ते झालं,” सुमनबाई म्हणाल्या. “पण त्यांना हवंय काय?”

“काम.”

“तसं नाही. आमच्याकडे नवीन माणसानं पहिल्या दिवशी काहीतरी मागायचं असतं. द्यायचं नंतर.”

मी गोंधळून इकडेतिकडे बघितलं. त्या समजावून सांगू लागल्या. “सुरुवातीला आमच्याकडे सगळे देणारेच आले हो. कुणी मुख्याध्यापक, कुणी तहसीलदार, कुणी इंजिनियर. प्रत्येकाला शिकवायचंय, मार्गदर्शन करायचंय. शिकायला कुणी नाही! सगळे रुसून घरी. मग ठरवलं. आधी मागायचं. ज्याला मागता येत नाही, त्याचं दिलेलं समोरच्याला टोचतं.”

तिथल्या एका तहसीलदारांनी म्हणे पोहायला शिकवा असं मागितलं होतं. एका बाईंनी मोटारसायकलवर मागे दोन्ही बाजूंना पाय टाकून मिरजेपर्यंत फिरवून आणा, असं मागितलं होतं. एका इंजिनियरांनी, माझ्या बायकोच्या हातासारखी भेळ इथे कोण करतं ते दाखवा, असं. अजून शोध चालू आहे.

“तुम्ही काय मागता?” सुमनबाईंनी अचानक मलाच विचारलं.

माझी भाजलेली जीभ कोरडी पडली. “पाणी,” मी म्हणालो.

कुणीतरी तांब्या आणला. टाळ्या वाजल्या. मला सभासद करून घेण्यात आलं. मी पुण्याला राहतो, मी अजून साठीचा झालो नाही, असं मी सांगत होतो, पण ते बोबडं असल्यामुळे कुणापर्यंत पोचलं नाही.

“आता सुभेदार.”

अण्णांनी खोलीभर नजर फिरवली. “आजवर कुनाम्होरं हात पसरला न्हाई,” ते म्हणाले. “आता ह्या वयात जमायचं न्हाई.” टोपी सारखी केली आणि बाहेर पडले.

मी मागून धावलो. घाटाच्या पायऱ्यांवर अण्णा नदीकडे बघत उभे होते. पलीकडच्या काठावर म्हशी पाण्यातून बाहेर निघत होत्या. माणसं फिरायला आली होती, भडंगवाल्यापाशी गर्दी होती. अशा वेळी जावयाने काय बोलायचं असतं? मी भडंगाचा पुडा आणला.

“अण्णा, काहीतरी मागून टाकायचं हो. मी नाही का पाणी मागितलं?”

“तुमाला तान लागली हुती.”

खाता खाता पुडा मीच संपवला. अण्णा म्हणाले, “सकाळी मला स्टँडवर सोडा.”

घरी आल्यावर मी वैशालीला फोन केला नाही. तिचा आला, तो उचलला नाही.

सकाळी उठलो तर अण्णा स्वयंपाकघरात होते. फौजेतल्या सवयीने पहाटे उठून चहा त्यांनीच केला होता. ताईने एक घोट घेतला, मी एक घोट घेतला. चहा काळाकुट्ट, गोडमिट्ट, आणि त्यात आलं एवढं की भाजलेल्या जिभेचं पुन्हा नव्याने सुरू झालं.

“छान झालाय, अण्णा,” ताई म्हणाली.

“फर्स्ट क्लास,” मी म्हणालो आणि डोळे पुसले.

अण्णांनी आपला कप उचलला. घोट घेतला. कपात बघत राहिले. पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. मी गाडीची किल्ली घेतली.

“ती शाळा,” अण्णा म्हणाले, “सकाळची उघडी आसती का?”

मी ताईकडे बघितलं, ताईने माझ्याकडे. आम्ही दोघांनी एकदम ‘हो अण्णा’ म्हटलं.

आम्ही तिघे गेलो तेव्हा शाळेत पाच-सात जणच होते. सुमनबाई कुणासाठी तरी पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करत होत्या, त्यांनी हाताने ‘थांबा’ म्हटलं. अण्णा खोलीच्या मधोमध उभे राहिले, छाती पुढे, हात मांड्यांना चिकटलेले. जसे कदाचित साहेबासमोर उभे राहत असतील.

“मागायचं हाय,” ते म्हणाले.

सुमनबाईंनी यंत्र बंद केलं.

“गेलं वरीसभर मी चा करतुय. कसा हुतुय म्हाईत न्हाई. थोरली म्हनती छान. जावई म्हनत्यात फस्कलास. परवा मी दवाखान्यात डाक्टरला रांगंत हुबं केलं, तरी जावई म्हनत्यात चांगलं झालं. पोरं ऐकत्यात, लेकी ऐकत्यात, गावबी ऐकतंय.” ते थांबले. “आमची मंडळी हुती तवर रोजची येक तरी चूक काढायची. भाजीत मीठ, न्हाईतर बोलायची तऱ्हा, न्हाईतर आनि काय. मी कवा उत्तर दिलं न्हाई. आता कुनी काढतच न्हाई. मानूस येकटा पडला की त्यो बराबरच आसतो, दिसभर. लय वंगाळ वाटतं.” आणि मग अगदी तक्रार नोंदवल्यासारखं म्हणाले, “रोज येक चूक काढनारं मानूस पायजे.”

मला कुठे बघावं ते सुचेना. मीनाताई खिडकीबाहेर बघत होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. तिथे शांताक्का म्हणून एक आजी शेंगा सोलत बसल्या होत्या. माहेर विजापूरकडचं, सासर सांगलीचं, आवाज दोन्हीकडचा मिळून.

“आधी त्या चपला नीट काढून या,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “दारात आडव्या टाकल्यात. मानसं यायची कशी?”

फौजेतल्या माणसाला ‘चपला नीट काढा’! मी अंग चोरून घेतलं. अण्णा वळले. दारापर्यंत गेले. वाकून आपल्या चपला कडेला ठेवल्या. मग बाकीच्यांच्याही उचलल्या आणि सगळ्या एका ओळीत, टाचेला टाच लावून मांडल्या. परत येऊन तिथेच उभे राहिले.

“झालं?”

शांताक्कांनी चष्म्यावरून बघितलं. “आमच्या कुनी सांगितल्या होत्या हलवायला? आता माझी कुठली, हे मला कसं कळायचं?”

अण्णांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की काय, मला खात्रीने सांगता येणार नाही. मी ते आधी कधी बघितलेलं नाही.

“ही दुसरी झाली,” ते म्हणाले.

“आज पहिला दिवस म्हनून,” शांताक्का म्हणाल्या आणि शेंगांचं सूप त्यांच्यापुढे सरकवलं. “बसा.”

अण्णा बसले.

दुपारी मी गाडीत अण्णांची पिशवी शोधली. ती ताईच्या घरातच राहिली होती, आणि आतले कपडे दोरीवर वाळत होते. निघताना मी अण्णांच्या पाया पडलो. या खेपेला नीट बघून. अण्णा म्हणाले, “जावईबापू, तुमी गाडी लय उजवीकडनं चालवता.” पंचवीसहून जास्त वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच माझी काही चूक सांगितली. मी पुण्यापर्यंत डाव्या कडेने, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून आलो.

घरी पोचेपर्यंत मला अजून नक्की समजलं नव्हतं, की मी काम शोधून दिलं की नाही. कारण अण्णांना मिळालं ते काम म्हणता येईल का? वैशाली दारातच उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. स्टँडवरचे नाना, हसणारी मंडळी, डॉक्टर, गूळ, पाणी, चहा, चपला. ती ऐकता ऐकता हसली, दवाखान्याच्या वेळी तर कपाळावर हात मारून घेतला. पण अण्णांनी काय मागितलं हे सांगितल्यावर ती खुर्चीवर बसली आणि पुष्कळ वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, माझंच सांगण्यात काही चुकलं.

मग ती म्हणाली, “आई चुलीपाशी बसून पुटपुटायची हो. अण्णांच्या चुका. रोज. आम्ही भावंडं तोंडावर हात ठेवून हसायचो, की अण्णा बाहेर पेपर वाचतात आणि हिचं एक अक्षर त्यांच्या कानावर जात नाही. आईलाही तसंच वाटायचं.”